‘तुम्ही’ म्हणजे कोण

“हलू नका भाऊ, पातं लागेल,” असं म्हणत अनुयाने वडिलांची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली.

पण देवदत्त सरांना आज गप्प बसवत नव्हतं. गालाला साबणाचा फेस, गळ्यात टॉवेल, खुब्याचं हाड मोडल्यापासून कामातून गेलेला डावा पाय समोरच्या स्टुलावर, आणि तोंड मात्र अखंड चालू. पहाटेच जागे होऊन ते भिंग लावून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत बसले होते. अनुया उठून चहा टाकायला गेली तेव्हा त्यांनी दोनदा हाक मारली होती. दोन्ही वेळा तिने “आले” म्हणून सांगितलं आणि धुणं भिजवून मगच आली.

“अनू, ते सगळं घडून गेलंय,” ते म्हणाले.

“काय घडून गेलंय?”

“शेवटचा काळ. मी येणार येणार म्हणून सांगत होतो ना, तो तेव्हाच येऊन गेला. रोमी फौज आली, जेरुसलेमला वेढा पडला, मंदिराचा एक दगड दुसऱ्यावर राहिला नाही. ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्याच हयातीत झालं हे.”

अनुयाने रेझर पाण्यात खळबळला आणि गालावरून पुन्हा वरून खाली आणला. सर बोलतच होते. आयुष्यभर हायस्कुलात मराठी शिकवलेला माणूस. त्यांना हा शोध लागला तोही व्याकरणातूनच. प्रभू येशूने शेवटच्या काळाची चिन्हं सांगितली तेव्हा ‘तुम्ही पाहाल’, ‘तुम्ही ऐकाल’ असं सांगितलं. आता ‘तुम्ही’ म्हणजे कोण? समोर बसलेली माणसं. दुसरं कोण असणार? आणि आपण मात्र इतकी वर्षं त्या ‘तुम्ही’चा अर्थ ‘आपण’ असा लावत आलो. पाचवीतल्या पोराने अशी चूक केली असती तर त्याला बाकावर उभं केलं असतं, असं म्हणून ते चक्क हसले. साबणाचा फेस तिच्या मनगटावर उडाला.

“मी चुकलो होतो, अनू,” ते म्हणाले. आवाजात पश्चात्ताप नव्हता. अडलेलं गणित सुटलेल्या मुलासारखा तो आवाज होता.

अनुयाने त्यांचं तोंड ओल्या टॉवेलने पुसलं, कानामागे राहिलेला फेस काढला आणि भांडं उचलून मागच्या दारी गेली. पाणी अळूच्या बुडाशी ओतलं. मग तिथेच उभी राहिली, बराच वेळ.

देवदत्त आढाव नगर जिल्ह्यातून किहीमजवळच्या या गावात शिक्षक म्हणून आले तेव्हा गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकट्याचंच होतं. रविवारी एस.टी.ने अलिबागच्या देवळात, म्हणजे चर्चला, जायचं, बाकी सहा दिवस गावाचं होऊन राहायचं. गावानेही त्यांना कधी परकं मानलं नाही. अनुया शाळेत होती त्या सुमाराला ते मुंबईला एका मोठ्या उपासना-मेळाव्याला गेले आणि परतले ते निराळेच होऊन. येताना त्यांनी कापडावर रंगवलेला एक तक्ता आणला होता. त्यावर सात डोक्यांचे प्राणी, कर्णे, बाण आणि सालांचे आकडे होते. तो त्यांनी ओसरीत टांगला. अंजिराच्या झाडाला पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला समजा, असं वचन आहे. अंजीर म्हणजे इस्राएल, त्याला अठ्ठेचाळीस साली, तो देश झाला तेव्हा, पालवी फुटली, आणि एक पिढी म्हणजे चाळीस वर्षं. हिशेब सरळ होता. अठ्ठ्याऐंशी साली प्रभू येणार आणि आपल्या माणसांना उचलून नेणार. वर्गात धडा संपवून दोन मिनिटं उरली की सर हेच सांगत. पोरं त्यांना जगबुडी सर म्हणू लागली. सरांना त्याचा राग नव्हता. प्रलयाआधी तारू बांधणाऱ्या नोहालाही लोक हसले होते, एवढंच ते म्हणत.

शेजारी एक बेने इस्राएली, म्हणजे कोकणातलं ज्यू, कुटुंब राहत होतं. त्यांची एस्तेर अनुयाची जिवाची मैत्रीण. ते सगळे तिकडे इस्राएलला कायमचे जायला निघाले तेव्हा सर हार घेऊन रेवसच्या धक्क्यापर्यंत पोचवायला गेले. तुम्ही शास्त्रातली भविष्यवाणी पूर्ण करायला चालला आहात, असं म्हणून त्यांनी एस्तेरच्या वडिलांना मिठी मारली. तो साधा सुतार माणूस गोंधळला. पोरांना तिकडे काम मिळेल म्हणून निघालोय सर, असं हळूच म्हणाला. लाँच सुटली. सरांचा चेहरा आनंदाने फुलला होता, आणि अनुया धक्क्यावरच्या खांबाला टेकून रडत होती. घरी येताना सरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, लवकरच सगळे एकत्र भेटणार आहोत.

बारावीनंतर अनुयाला एका मिशन हॉस्पिटलात नर्सिंगला जागा मिळाली. आईने ट्रंक काढून पुसून ठेवली होती. जेवताना सरांनी ताटावरून मान वर केली आणि तिला अगदी मायेने विचारलं, “तीन वर्षांचा कोर्स आहे, अनू. तीन वर्षं आहेत कुठे?”

ते ओरडले असते तर ती भांडली असती. पण त्यांच्या डोळ्यांत तिच्यासाठी कळवळा होता. पोरीची मेहनत फुकट जाऊ नये, एवढंच त्यांना वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर तिचाही विश्वास होता. तेव्हा अंगण झाडता झाडता ती मधेच थांबायची आणि माडांच्या वर आभाळाकडे बघायची. ट्रंक परत पलंगाखाली गेली. पुढच्या वर्षी रोह्याच्या एका मुलाचं स्थळ आलं, तेव्हा नोहाच्या काळातही लोक लग्नंच करत बसले होते, असं सर म्हणाले. स्थळ परत गेलं.

अठ्ठ्याऐंशी साल सरलं. जानेवारीच्या एक तारखेला दूधवाला आला, एस.टी. आली, शाळेची घंटा झाली. सरांनी हिशेब नव्याने मांडला. मग पुन्हा एकदा. पुढे पुढे साल सांगणं त्यांनी सोडलं, नुसतं ‘लवकर’ म्हणू लागले. त्या ‘लवकर’मध्ये तिच्या धाकट्या भावाचं, जीवनचं, डिप्लोमा शिक्षण बसलं, उरणला बंदरातली नोकरी बसली, लग्नसुद्धा बसलं. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. अनुयालाही तेव्हा वाटलं नाही. आई अंथरुणाला खिळली होती आणि तिने अलिबागला एका डॉक्टरबाईंच्या प्रसूतिगृहात आयाचं काम धरलं होतं. बाईला कूस बदलून द्यायची, कळा येताना कंबर चोळायची, बाळ पुसायचं, लादी पुसायची. तिथे पोशाखातल्या मुलींना सिस्टर म्हणत. तिला मावशी म्हणत. आता आईला जाऊन वर्षं झाली होती, अनुया स्वतः साठीला टेकली होती आणि विश्वास गेला होता असं काही नव्हतं. आभाळाकडे बघायचं तेवढं राहून गेलं होतं.

जीवन आणि त्याची बायको प्राप्ती त्या दिवशी दुपारी खारघरहून आले. जीवनने दोन वर्षांपूर्वी बंदरातली नोकरी सोडली होती आणि तिकडच्या एका नव्या ख्रिस्ती मंडळीच्या कामाला पूर्णवेळ वाहून घेतलं होतं. त्या मंडळीत रोजची बातमी आणि बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकातले शिक्के समोरासमोर ठेवून वाचत. कुठे युद्ध पेटलं की एक शिक्का फुटला, कुठे साथ आली की दुसरा. मोबाइलमधली कुठलीशी चिप म्हणजे शेवटच्या काळातल्या सैतानी श्वापदाची खूण, असं प्राप्ती पोळी वाढता वाढता मोबाइल बाजूला सारत सांगत होती.

जीवन आला होता तो भाऊंना न्यायला. पुढच्या महिन्यात मैदानावर मोठी सभा होती. चाळीस वर्षांपूर्वीच ज्याने हे सगळं सांगितलं, असा वडीलधारा माणूस व्यासपीठावर हवा होता. खुर्चीची, गाडीची, सगळी सोय होती. भाऊंनी फक्त पाच मिनिटं बोलायचं.

अनुया मांदेलीचं कालवण वाढत होती. सरांनी घास खाली ठेवला आणि सकाळचं सगळं पुन्हा सांगितलं. ‘तुम्ही’, समोरची माणसं, रोमी फौज. मरणानंतरचं पुनरुत्थान आहे, न्याय आहे, ते मी नाकारत नाही. पण वर्तमानपत्रात चिन्हं शोधायची हा सगळा खटाटोप चुकीचा होता, असं ते शांतपणे म्हणाले.

जीवनचा हात ताटातच थांबला. मग तो बोलू लागला आणि त्याचा आवाज चढत गेला. दाखला दाखल्याशी भिडला. दानिएलच्या भविष्यातले आठवडे आले, हजार वर्षांचं राज्य आलं. जीवन म्हणे अक्षरशः हजार, सर म्हणत आकडा रूपकाचा. अलिबागच्या देवळातले पाळकसाहेब म्हणतात काही घडलंय आणि काही घडायचंय, असं प्राप्तीने मधे सांगून पाहिलं. त्यावर दोघांनीही, पाळकसाहेबांना काही कळत नाही, असं एकाच वेळी म्हटलं. अनुया भात घेऊन आली, वाढून गेली. पुन्हा ताक घेऊन आली.

शेवटी जीवन म्हणाला, “भाऊ, मी नोकरी सोडली ती तुम्ही लहानपणापासून शिकवलं त्याच्यावर. आता तुम्ही म्हणता चुकलं?”

“माणूस चुकतो,” सर म्हणाले. “वाचण्यात चूक झाली. त्याने कोणाचं नुकसान तर झालं नाही ना?”

ताकाचं भांडं अनुयाच्या हातात होतं. ते तिने खाली ठेवलं.

“माझं झालं, भाऊ,” ती म्हणाली.

तिचा आवाज नेहमीचाच होता. म्हणून पहिल्यांदा कोणाच्या लक्षातच आलं नाही. मग प्राप्तीने मान खाली घातली. जीवन बहिणीकडे बघत राहिला. अनुयाने त्यांच्या ताटातला मांदेलीचा काटा बाजूला काढला, कारण तो त्यांना दिसला नसता, आणि जीवनला अजून भात हवा का, असं विचारलं.

सभेचा विषय पुन्हा निघाला नाही. जीवन निघताना बहिणीला दाराशी बाजूला घेऊन म्हणाला, की भाऊंना महिनाभर आमच्याकडे ठेवायला हवं खरं. पण तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि तो स्वतः कधी घरी नसतो. अनुयाने मान हलवली. हे तिला माहीत होतं.

पुढचे काही दिवस सरांनी भिंग हातात घेतलं नाही. ते ओसरीत बसून रस्त्याकडे बघत. एकदा पायाला तेल लावत असताना त्यांनी विचारलं, “ते नर्सिंगचं जूनमध्ये सुरू होणार होतं ना गं?”

“जुलैत,” ती म्हणाली.

“हं.”

तिने दुसऱ्या पायाला तेल लावलं. हे बोलणं चाळीस वर्षांपूर्वी झालं असतं तर काय झालं असतं, असा विचार तिच्या मनात आला नाही. कंबर भरून आली होती आणि अजून भांडी घासायची होती.

अलिबागच्या देवळात कापणीच्या सणाला जुन्या सभासदांनी साक्ष द्यायची, उभं राहून आपला अनुभव सांगायची पद्धत होती. पाळकसाहेब तरुण होते, आदबशीर होते. या वर्षी सरांनीच बोलावं, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. अनुयाला वाटलं, आता भाऊ नाही म्हणतील. पण शनिवारी त्यांनी पांढरा सदरा इस्त्रीला काढायला लावला. रिक्षावाला दिपेश हा गावातलाच, त्यांचा जुना विद्यार्थी. तो उचलून बसवायचा, उचलून उतरवायचा.

रविवारी सकाळी सर तयार होऊन बसले होते आणि अनुया केसांत कंगवा फिरवत होती, तोच डॉक्टरबाईंचा फोन आला. रात्रीच्या सिस्टरला ताप भरला आहे, रेवसकडची एक पहिलटकरीण कळा देत आली आहे, दुसरं कोणी नाही. आजच्या दिवस सुट्टी घेतली आहे, असं अनुयाला सांगता आलं असतं. बाईंनी ऐकलंही असतं. पण त्या क्षणी तिला सुटल्यासारखं वाटलं. चाळीस माणसांसमोर भाऊ पुन्हा जेरुसलेमचा वेढा सांगणार, आणि आपण पहिल्या बाकावर बसून ऐकायचं. तिने साडी बदलली. दिपेशला औषधाची वेळ सांगितली, भाऊंना सांगितलं की पाळकसाहेब आहेत, देवळातल्या कोकिळाबाई आहेत, काही लागलं तर त्यांना सांगा.

“तू येत नाहीस?” सरांनी विचारलं.

“बाई अडलीय, भाऊ.”

दिपेशने त्यांना उचललं तेव्हा त्यांनी एक हात तिच्या दिशेने केला. पण चौकटीला लागू नये म्हणून दिपेशने तो आत घेतला.

ती पोर जेमतेम विशीची होती. तिने सगळा वेळ अनुयाचं मनगट धरून ठेवलं आणि दर कळेला, मावशी अजून किती, एवढंच विचारत राहिली. देऊळ सुटायच्या सुमाराला ती मोकळी झाली. मुलगी झाली. अनुयाने बाळ पुसलं, गुंडाळलं, आईच्या कुशीत दिलं, लादी पुसली आणि दोनच्या एस.टी.ने घरी आली.

सर झोपले होते. सदरा तसाच अंगात होता. उठल्यावर तिने विचारलं, साक्ष कशी झाली. “बोललो काहीतरी. जेरुसलेमचं सांगितलं. कोणाला कळलं नसेल.” मग डोळे मिटून म्हणाले, “थकलो गं.”

संध्याकाळी फोन येऊ लागले. कोकिळाबाई देवळात गाणी म्हणायच्या. सरांनी तुला काय सुंदर आशीर्वाद दिला गं, असं त्या म्हणाल्या. अनुयाने विचारलं, काय म्हणाले? शब्द काही मला आठवत नाहीत, त्या म्हणाल्या, पण सगळ्यांचे डोळे भरले. पाळकसाहेबांनी सांगितलं, की वचनाच्या अर्थाबद्दल सरांचं नि माझं पुरतं जुळत नाही, पण धीराने वाट पाहणारी विश्वासू दासी म्हणून त्यांनी तुमचं उदाहरण दिलं, ते फार बोधप्रद होतं. मग जीवनचा फोन आला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं. तो दुखावलेला होता. “भाऊंनी भर देवळात तुझी माफी मागितली म्हणे. म्हणजे माझं सगळं खोटं ठरवलं ना त्यांनी?”

“मी नव्हते तिथे,” अनुया म्हणाली.

आशीर्वाद, उदाहरण की माफी; तिला काही कळेना. भाऊंना पुन्हा विचारावं, असं तिला वाटलं. ती दारापर्यंत गेली. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. ती परत आली आणि तांदूळ निवडत बसली.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर दिपेश आला. सरांची काठी रिक्षात राहिली होती. अनुयाने काठी घेतली, त्याला पाणी दिलं आणि फाटकाशी उभं राहून विचारलं, की तू आत होतास ना, भाऊ काय बोलले ते सांग.

दिपेश जरा ओशाळला. “मना तुमच्या धर्माचा काय समजत न्हाय, ताई. मी सरांना धरून उभा व्हतो. पयले त्ये लढाईचा बोलले. मंग बोलले, मी चुकीचा शिकवला. मंग गप झाले. लय वेल. मना वाटला, इसरले.”

“मग?”

“इसरले नव्हते. तुजा नाव घेतला. पुरा नाव. अनुया देवदत्त आढाव. शालेत हजेरी घ्यायचे ना, तसा. आन थांबले.”

“थांबले म्हणजे?”

“म्हंजे वाट बघत व्हते. कोन ओ देतं का ते. मी सांगितला कानात, सर, ताई कामाव गेलीय. त्यांना आयकू न्हाय गेला वाटतं. पुन्ना नाव घेतला. मंग पाद्री उठले, त्यांनी सरांना बसवला, आन गाना चालू झाला.”

“माफी असं काही म्हणाले?”

दिपेशने आठवून पाहिलं. “न्हाय. माफी न्हाय. नावच घेतला फकस्त. दोन डाव.” मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो म्हणाला, “पन नीट घेतला, ताई. मोठ्यानं.”

रिक्षा वळली, माडांआड गेली. अनुया काठी मांडीवर घेऊन ओसरीच्या पायरीवर बसली. समोरच्या वाडीत कोणीतरी पंप चालू केला होता आणि पाटाला पाणी येत होतं.

“अनू,” आतून सरांनी हाक मारली. “कोण होतं गं?”

“दिपेश, भाऊ.”

“पाणी देतेस का जरा?”

“देते,” ती म्हणाली.

ती लगेच उठली नाही. पाणी पाटातून पहिल्या आळ्यात शिरलं, तिथून दुसऱ्यात. ते तिसऱ्या माडापर्यंत पोचेस्तोवर ती तशीच बसून राहिली. आतून पुन्हा हाक आली नाही.